रिकिबीत पाय

माझ्या सासऱ्यांना सगळं एरंडोल आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचे. त्यांचं अर्धं आयुष्य टांगा हाकण्यात गेलेलं. एरवी म्हसावदच्या स्टेशनावर आणि चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला, अशा त्यांच्या फेऱ्या असायच्या. मी लग्न होऊन आले तोवर रस्त्यावर रिक्षा आणि टेम्पो आले होते. टांग्याची चाकं मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि शेवटचा घोडा म्हातारा होऊन गेलेला. मागच्या अंगणातला तबेला मात्र आबा रोज सकाळी झाडायचे. आम्ही तिथे सरपण आणि कडब्याच्या पेंढ्या ठेवायचो, तरी त्यांचा नेम चुकायचा नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आबा, आमचे हे, मी आणि नुकतीच चालायला लागलेली आमची मुलगी.

हे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत घरी आले की ओठ सुजलेले आणि तोंडात एकच तक्रार.

"आम्ही फुंकून फुंकून मरायचं, आणि लोक बघणार कुणाकडे? घोडीकडे! घोडीवाल्याला पहिल्या पंगतीत पाट, आणि आम्ही हंड्याजवळ उभे."

असं दोन लग्नसराया ऐकल्यावर मीच एकदा म्हणाले, "मग आपणच घोडी घेऊ की. तबेला रिकामाच आहे."

मी सहज बोलून गेले. पण ओट्यावर बसलेल्या आबांनी मान वळवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला कळलं, की आता हे व्हायचंच.

त्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला बापलेक गेले. माझं माहेर दोंडाईच्याजवळ. जाताना तिथे मुक्काम केला, येताना तिथेच परत थांबले, आणि माझ्या वडिलांनी घोडीला भरपेट हरभरा खाऊ घालून एका रिकाम्या परतणाऱ्या ट्रकात चढवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. फळी टाकली आणि ती खाली उतरली.

पांढरीशुभ्र घोडी. कानांची टोकं तेवढी गव्हाळी आणि आतल्या बाजूला वळलेली, एकमेकांना टेकतील अशी. अख्खी गल्ली दारात आली. मी औक्षणाचं तबक घेऊन पुढे झाले. मी कुंकू लावेपर्यंत तिने तबकातले तांदूळ संपवले, गुळाचा खडा उचलला आणि निरांजनातल्या वातीकडे वळली. सुपारी तेवढी शिल्लक ठेवली. लोक हसायला लागले आणि ती कान हलवत सगळ्यांकडे बघत राहिली, जणू हे स्वागत नेहमीचंच आहे.

"चाल काय शे तिनी!" आबा मला सांगत होते. "तो इकनारा पळता पळता टांग मारीसन बठना. घोडी पळी ऱ्हायनी आन तो वर! बठ्ठी यात्रा दखत व्हती."

पळत्या घोडीवर उडी मारून बसणारा विकणारा बघून हे दोघं भुलले होते. तो तसा का बसत होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सकाळी ह्यांनी खोगीर घातलं, लगाम हातात घेतला आणि डावा पाय रिकिबीत ठेवला. पाय ठेवला त्याच क्षणी घोडी चालायला लागली. धावली नाही, उधळली नाही, नुसती आपल्या रुबाबात चालत निघाली. ह्यांचा एक पाय वर रिकिबीत, दुसरा खाली, आणि त्या एका पायावर हे लंगडी घालत घालत गल्लीभर तिच्या मागे. किराणा दुकानापर्यंत गेले, तिथल्या तेलाच्या डब्यांना धरलं, आणि डब्यांसकट खाली बसले. घोडी पुढे जाऊन थांबली आणि मागे वळून बघायला लागली, हा का थांबला म्हणून.

तिला कोणीतरी तसंच शिकवलं होतं. रिकिबीत पाय म्हणजे चल. रानात, शेतात चालून गेलं असतं. पण आम्हाला ती नवरदेवासाठी हवी होती. आणि नवरदेव म्हणजे जन्मात कधी घोड्यावर न बसलेला माणूस. डोक्याला मुंडावळ्या, डोळ्यांपुढे झिरमिळ्या, हातात लिंबू खोचलेली कट्यार, अंगात नवा आवळ कोट, आणि चढवायला चार काका-मामा, ज्यांतला प्रत्येक जण वेगळीकडून ढकलणार. घोडी उभी राहिली नाही तर लग्नाआधीच दवाखाना.

मग सुरू झाले पुरुषांचे उपाय. एकाने लगाम धरला, दुसऱ्याने मान, तिसरा पुढे हात पसरून उभा. "हो! हो! थांब! ए थांब!" असा सगळ्या गल्लीत गलका. जेवढं घट्ट धरावं तेवढी ती जास्त सरकायची. पुढे जाता आलं नाही तर बाजूला, बाजूला भिंत आली तर मागे. मागच्या अंगणातल्या कडुलिंबाला बांधून बघितलं, तर झाडाभोवती फिरायला लागली आणि हे तिच्याभोवती. आठवडाभरात गोष्ट अशा थराला गेली, की कुणी नुसता पाय उचलला तरी तिचे कान मागे पडायचे. हे दारात चप्पल घालायला पाय उचलायचे, तर तिकडे तबेल्यात घोडी सरकायची.

"हाई घोडी नही, वारा शे," आबा म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यांनाही उपाय सुचत नव्हता, कारण टांग्याच्या घोड्यावर कुणी चढत नाही. इतकी वर्षं घोड्यांत काढली, पण आबा स्वतः घोड्याच्या पाठीवर कधीच बसले नव्हते. हे मला तेव्हाच कळलं.

घोडीचं दाणापाणी माझ्याकडे होतं. दुपारी हे बँडच्या तालमीला जायचे, आबा झोपायचे, मुलगी झोपायची, आणि मी तबेल्यात जाऊन तिला खरारा करायचे. त्या वेळी ती दगडासारखी उभी असायची. डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ लोंबता सोडून. एकदा पलीकडच्या बाजूची गवताची काडी काढायची म्हणून मी तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून पार ओणवी झाले. माझा अर्धा भार तिच्यावर पडला. ती हलली नाही. मी मुद्दाम आणखी थोडा भार दिला. तिने एक कान माझ्याकडे वळवला, एवढंच.

माहेरी आमच्याकडे म्हशी होत्या. नवी व्यालेली म्हैस धार काढू देत नाही, तेव्हा आई तिला ओरडत नसे. आधी नुसतीच शेजारी जाऊन बसायची, मग कासेला हात लावायची, काढून घ्यायची, परत लावायची. म्हशीला सवय होईपर्यंत भांडं आणायचीच नाही. मला वाटलं, म्हैस काय आणि घोडी काय.

दुसऱ्या दुपारी मी तिला लिंबाखाली आणलं. तिथे धुण्याची एक मोठी फरशी होती, तिच्याशेजारी उभं केलं. खोगीर घातलं आणि पाय न ठेवता हातानेच रिकीब खाली दाबली. ती दोन पावलं पुढे गेली. मी ओरडले नाही, ओढलं नाही. तिला वळवून परत फरशीशी आणली आणि परत हात ठेवला. परत गेली. परत आणली. किती वेळा ते कोण मोजतंय, पण एकदा कधीतरी मी रिकीब दाबली आणि ती विचार करत असल्यासारखी थांबली. मी ताबडतोब हात काढला, मानेवर थोपटलं आणि गुळाचा खडा दिला. त्या दिवशी तिथेच थांबले.

साडीत पाय रिकिबीत घालणं जमेना. मग मी ह्यांचा जुना पायजमा साडीच्या आतून घातला आणि साडी वर खोचली. गल्लीकडचं दार लावलेलं असायचं. पायाचा नुसता चवडा ठेवायचा, काढायचा. मग भार द्यायचा, काढायचा. मग रिकिबीवर उभं राहायचं आणि परत खाली उतरायचं. ती चालली की परत फरशीशी. उभी राहिली की गूळ. मधूनच मी तिच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते आता आठवत नाही. भाजीचं, मुलीच्या दातांचं, असंच.

एक दिवस रिकिबीवर उभी असताना मागच्या ओट्यावरून खोकला ऐकू आला. आबा जागे होते. मी पटकन खाली उतरले, पदर डोक्यावर घेतला आणि घोडीच्या आड झाले. पायजम्याचे पाय मात्र खाली दिसतच होते. आबा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली एक लाकडी स्टूल आणून ठेवलेलं होतं. टांग्यात चढायला म्हाताऱ्या माणसांसाठी आबा ठेवायचे ते.

त्या स्टुलावरून मी पहिल्यांदा तिच्या पाठीवर बसले. ती हलली नाही. मला वरून शेजारच्यांची पत्र्याची छपरं दिसली, त्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या, आणि ओट्यावर उठून बसलेले आबा दिसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "तू तिले काय सांगस?"

"काही नाही आबा. नुसती घाई करत नाही."

"मन्ही टांगानी घोडी बी तशीच व्हती. मानसं चढी ऱ्हायनात, तवलोंग ती हालेच ना." आणि मग स्टुलाकडे बघत, "माले बसू देशी का?"

आबांना घोडीवर चढवायला मला ह्यांना बोलवावं लागलं, आणि तिथे आमचं गुपित फुटलं. हे घरी आले, तर बायको पायजम्यात आणि बाप स्टुलावर. आधी बघतच राहिले. मग पुढे होऊन आबांचा पाय धरून रिकिबीत घातला. आबा वर बसले, धोतर सावरलं, ताठ झाले आणि विचारलं, "आते मी नवरदेव दिखस का?"

त्यातूनच पुढची युक्ती निघाली. घोडी माझ्यासाठी उभी राहत होती, आबांसाठी राहिली, पण लग्नातल्या गोंधळात राहील का? म्हणून आम्ही रोज संध्याकाळी गल्लीत खोटं लग्न लावायला लागलो. नवरदेव रोज नवा. आबांनी दोनदा मान पटकावला. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन एकदा बसले. त्यांच्या पत्नीने आमच्याकडचं जुनं बाशिंग त्यांच्या डोक्याला बांधलं आणि म्हणाली, "खऱ्या लग्नात असे सरळ बसले नव्हते हो!" बायका थाळी आणि लाटणं घेऊन बँड व्हायच्या, हे क्लॅरिनेट घेऊन घोडीच्या कानाशी उभे राहायचे, पोरं कागदी पिशव्या फुगवून फोडायची. पहिल्या दिवशी पिशवी फुटल्यावर घोडी पार कोपऱ्यापर्यंत गेली. आम्ही शांतपणे परत आणली. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी ती पिशवीकडे बघेनाशी झाली, गुळाकडे बघायला लागली.

सगळ्यात मोठी परीक्षा होती किराणा दुकानदारांची. गल्लीत त्यांच्याएवढं वजनदार कुणी नव्हतं. ते स्टुलावर चढले, स्टूल कुरकुरलं, त्यांनी पाय रिकिबीत ठेवला, खोगीर एका बाजूला कललं, आणि ते अर्ध्यावर अडकून, "धरा! अरे धरा!" म्हणून ओरडायला लागले. आम्ही सगळे धावलो. घोडीने चारही पाय रोवले, श्वास सोडला आणि तशीच उभी राहिली. ते वर पोहोचले तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. ते खाली उतरले, घोडीच्या पुढ्यात गुळाची अख्खी ढेप ठेवली आणि म्हणाले, "आता हिच्यावर कुणीपण बसू दे."

पहिलं लग्न शेजारच्याच गल्लीतलं आलं. नवरदेव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, शांत, चष्मा लावणारा मुलगा. गोरज मुहूर्त. मारुतीच्या पाराजवळ सगळे जमले. घोडीला मी सकाळपासून सजवलं होतं, कपाळावर गोंडे, आयाळीत लाल लोकर. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि पदराच्या गाठीत बांधलेला गूळ सारखी चाचपत होते. बँड आमच्या ह्यांचाच, ते पुढे. घोडीचा लगाम आबांच्या हातात, आबांच्या डोक्यावर नवा फेटा.

काका-मामांनी नवरदेवाला उचललं. त्याचा चष्मा मुंडावळ्यांत अडकला, ते सोडवण्यात वेळ गेला, तोवर तो एका पायावर रिकिबीत लटकलेला. घोडी उभी. फटाक्यांची माळ लागली. घोडी उभी. तो वर बसला, पुढ्यात कुणाचं तरी पोरगं बसवलं. घोडी उभी. बायकांतून मला कुणीतरी चिमटा काढला, "काय गं, देवळातली दगडाची घोडी आणलीस की काय!" मला हसू आवरेना.

बँडने पहिलं गाणं सुरू केलं. मिरवणूक निघाली. म्हणजे बँड निघाला, नाचणारे निघाले, गॅसबत्तीवाले निघाले. घोडी मात्र उभी.

आबांनी लगाम ओढला. घोडी उभी. आबांनी जिभेने टकटक केलं, टांग्यावर करायचे तसं. घोडीने कान वळवला आणि उभी राहिली. मागून दोघांनी ढकललं. तिने चारही पाय रोवले, किराणा दुकानदारांच्या वेळी रोवले होते अगदी तसेच. बँड पार पुढच्या चौकात पोहोचला आणि नवरदेव मारुतीजवळच. मांडवातून एक जण धावत आला, मुहूर्त टळतोय म्हणून. नवरदेवाचे मामा लाल होऊन आबांवर ओरडायला लागले. आबा घोडीच्या कानात काहीतरी सांगत होते, बहुतेक विनवणी.

मला एकदम लख्ख उमगलं. आम्ही तिला उभं राहायला शिकवलं होतं. चढा, बसा, उतरा, मग गूळ. गल्ली अरुंद, म्हणून पाठीवर कुणाला बसवून तिला चालवलंच नव्हतं. तिच्या हिशेबात पाठीवरचा माणूस उतरेपर्यंत हलायचं नाही. बिचारी आपलं काम चोख करत होती.

मी घोळक्यातून निघून चौकाकडे धावले. हे क्लॅरिनेट फुंकत होते. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "ती चालणार नाही! आपण चालायला शिकवलंच नाही!" त्यांना तोंड उघडता येईना, गाणं ऐन रंगात. त्यांनी भुवया वर केल्या, मग डोळ्यांनीच मला सांगितलं, तूच बघ.

मी परत आले आणि सरळ नवरदेवासमोर उभी राहिले.

"भाऊ, खाली उतरा."

"आत्ताच तर चढलो ताई," तो झिरमिळ्यांतून म्हणाला.

"उतरल्याशिवाय ती हलायची नाही. तिला तेवढंच येतं."

मामा म्हणाले, "नवरदेव पायी जाणार? लोक काय म्हणतील?" पण नवरदेव तोवर हसायला लागला होता. त्याने पोराला खाली दिलं आणि स्वतः उतरला. मी पदराच्या गाठीतून गूळ काढून घोडीला दिला, आणि ती मान उडवत लगेच निघाली. नवरदेव तिच्या मानेवर हात ठेवून शेजारून चालत निघाला. मांडवापर्यंत दोघं असे गप्पा मारत गेल्यासारखे गेले. वाटेत ओट्याओट्यावर बायका विचारत होत्या, घोडीवर कुणी का नाही? तो प्रत्येकीला सांगत होता, "दमली असेल म्हणून उतरलो." आबा मागून मान खाली घालून चालत होते.

मांडवाच्या दारात मामांनी त्याला परत चढायला लावलं, निदान दारात तरी घोडीवर दिसू दे म्हणून. आणि तिथे घोडीने आमची लाज राखली. धरणगावच्या बाजूचा फोटोग्राफर आला होता, रंगीत फोटो काढणारा. लग्नात घोडीवरच्या नवरदेवाचा फोटो कधी धड यायचा नाही, कारण बटण दाबेपर्यंत घोडी सरकायची आणि फोटोत अर्धा नवरदेव नि अर्धा मामा. आमची घोडी पुतळ्यासारखी उभी. त्याने समोरून काढला, बाजूने काढला, आईवडिलांना उभं करून काढला, फ्लॅशचे लखलखाट झाले, तिने पापणी हलवली नाही.

"अशी घोडी मी कुठे बघितली नाही," तो ह्यांना म्हणाला. "मी सगळ्यांना तुमचंच नाव सांगतो."

आणि त्याने सांगितलं. आम्ही तोंड लपवून घरी आलो होतो, तर आठवडाभरात पारोळ्याहून, भडगावहून माणसं विचारायला यायला लागली, "ती फोटोवाली घोडी तुमचीच का?"

मग मी तिला निघायला शिकवलं. माणूस वर बसला, की मानेवर दोनदा थोपटायचं आणि म्हणायचं, "चाल माय." ते शिकायला तिला फार दिवस लागले नाहीत. उभं राहण्यापेक्षा चालणं तिला आधीपासूनच आवडत होतं. आबांना ते दोन शब्द इतके आवडले, की घरातही कुठे निघायचं झालं की ते म्हणायचे, "चाल माय," आणि आमची मुलगी चप्पल शोधायला धावायची.

पुढच्या काही वर्षांत तिने किती नवरदेव नेले, त्याचा काही हिशेब माझ्याकडे नाही. एक लग्न मात्र मला स्पष्ट आठवतं.

ते लग्न गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतलं. नवरदेव नुकताच धुळ्याला एसटीत कंडक्टर लागलेला. सकाळचं लग्न, घरापासून मिरवणूक आणि विहारासमोर मांडव. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. बँडमध्ये हे नव्हते, म्हणून घोडीबरोबर हे आणि मी, दोघं गेलो होतो. नवरदेव तयार होऊन बाहेर आला, घोडीला नमस्कार केला आणि म्हणाला, "आधी माय बसेल."

त्याची आई दारात उभी होती. नवरा लवकर गेलेला, दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करून तिने हा मुलगा शिकवलेला. ती घाबरून मागेच सरकली.

"नही रे भाऊ! माले काय करनं घोडीवर बठीसन? मी पडनू तं?"

"तू बठ माय, मी धरस."

"लोके हासतीन."

"हसू दे. आजचा दिवस त्यासाठीच असतो," तो म्हणाला.

मी पुढे झाले. म्हणाले, "अक्का, मी साडीवरच बसायला शिकले. घाई करायची नाही, एवढंच. तुम्हाला पाहिजे तितका वेळ घ्या, ही हलायची नाही."

आणि तिने खरंच वेळ घेतला. अंगणात बाज टाकली, बाजेवर चढायला आमचं स्टूल ठेवलं. ती चढली, एक हात घोडीच्या पाठीवर ठेवला आणि दचकून काढला. परत ठेवला. पाय उचलला, गुडघा दुखला, खाली ठेवला. पदर खोचला. परत पाय उचलला, रिकिबीत घातला, उठायला गेली आणि खोगिरावर पोटावरच आडवी झाली. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. सगळ्या बायका हसायला लागल्या आणि ती त्यांच्यापेक्षा जास्त हसायला लागली. हसण्याने तिला वरही जाता येईना आणि खालीही येता येईना. मुलाने खांदा दिला, ह्यांनी पाय धरला, मी लगामाशी उभी. घोडीच्या पाठीवर एवढी धडपड चालली होती, आणि ती माझ्या खांद्यावर नाक टेकवून श्वास सोडत उभी होती.

शेवटी नवरदेवाची आई सरळ बसली. दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलेलं, पाठ वाकलेली. हळूहळू तिने मान वर केली. मग पाठ सरळ केली. मग एक हात सोडून पदर नीट केला. हसणं थांबलं होतं. ती आपल्या वस्तीकडे, पलीकडच्या कपाशीच्या शेतांकडे आणि त्याच्याही पलीकडे बघत होती.

"बठ्ठं गाव दिखस वं माय!" ती मला म्हणाली.

"मग चालायचं का?"

"मन्हा लगीनमा तं बैलगाडी बी नव्हती. पायीच उनी मी." मग मुलाकडे बघून म्हणाली, "चाल."

मी घोडीच्या मानेवर दोनदा थोपटलं. वस्तीतला बँड वाजायला लागला. आम्ही तिला कोपऱ्यावरच्या हातपंपापर्यंत नेलं आणि तिथून वळवून परत अंगणात आणलं. वाटेत दारादारातून बायका तिला नावाने हाका मारत होत्या आणि ती प्रत्येकीकडे मान वळवून बघत होती. मुलाने तिला अलगद उतरवलं, तिने घोडीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपली बोटं स्वतःच्या कपाळाला टेकवली, आणि मग नवरदेव चढला.

त्यानंतर त्याची आई दर बाजारच्या दिवशी आमच्याकडे यायची. पिशवीत भाजी, वर ज्वारीचं एक हिरवं ताट, पानांसकट अख्खा धांडा, खास घोडीसाठी. मागच्या अंगणात जाऊन ती घोडीला खाऊ घालायची, मग ओट्यावर बसून माझ्या हातचा चहा प्यायची, आबांना धुळ्याच्या सुनेच्या खबरी सांगायची. घोडी म्हातारी झाली, लग्नात फुलांनी सजवलेल्या जीपगाड्या यायला लागल्या आणि आम्ही तिला वरातीला नेणं बंद केलं, तरी त्या बाईचं येणं सुरूच राहिलं. नातू झाला तेव्हा त्याला कडेवर घेऊन आली. लिंबाखाली घोडीच्या पाठीवर त्याला बसवलं, स्वतः शेजारी धरून उभी राहिली, आणि पोरगं दोन्ही मुठींत आयाळ धरून खिदळत असताना घोडी डोळे अर्धे मिटून ज्वारीचं ताट चघळत राहिली.